वाळ्याआधीचा घोट

“आधी पाणी आपल्या तोंडात, मग वाळा. विसरायचं न्हाई, उमा.”

आत्याबाई दर पाडव्याला हे सांगायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. कंधारच्या बसस्टँडसमोर कडुलिंबाच्या झाडाखाली पाडव्यापासून मिरगापर्यंत पाणपोई चालवायची, हा त्यांचा नेम. त्यांच्यामागे तो माझ्याकडे आला. पहाटे आंघोळ, भस्म, गळ्यातल्या इष्टलिंगाची तळहातावर पूजा. पूजा होईस्तोवर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मग स्टँडवर जाऊन तिन्ही रांजण आतून घासायचे, चौपदरी फडक्यातून पाणी गाळून भरायचं, प्रत्येक रांजणातला एकेक घोट स्वतः प्यायचा आणि मगच वाळ्याची पुरचुंडी आत सोडायची. वाळा पडला की पाण्याला वास येतो, थंडावा येतो. पण त्या वासाखाली दुसरं काही असलं तर ते मग कळत नाही. म्हणून घोट आधी.

यंदा मी एक व्रत वाढवलं. चैत्रातले सोमवार निर्जळी धरायचे, सूर्य मावळल्यावर पूजा करून मगच पाणी घ्यायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भजनी मंडळातल्या बाया म्हणायच्या, “उमाबाईचं लई कडक असतंय.” ते ऐकायला मला बरं वाटायचं. लिहायलाच बसले आहे तर तेही कबूल करते.

पाडवा झाला की आमच्या गावात आठवडाभर काही ना काही असतं. शोभायात्रा, मग रक्तदान, मग डोळ्यांचं शिबिर. शिबिर भरवतात हणमंतराव, निवृत्त हेडमास्तर. आजूबाजूच्या खेड्यांतली म्हातारी माणसं ते स्वतः घरोघर जाऊन गोळा करतात. तपासणी गावात होते आणि मोतीबिंदूवाल्यांना दुपारच्या बसनं नांदेडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेतात. यंदा शिबिर आलं पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी.

त्या दिवशी पाणी जास्त लागणार होतं आणि आमच्या गल्लीच्या नळाची पाळी नव्हती. म्हणून मी अमृतरावला फोन केला. तो ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी ठेवून लग्नाकार्यात पाणी पुरवतो. सहालाच त्यानं पाणी आणून दिलं. मी रांजण घासले, पाणी गाळलं, बाहेरून भस्माची बोटं ओढली. आणि पाणी काढायचं ओगराळं हातात घेतल्यावर आठवलं, आज सोमवार.

क्षणभर थांबले, एवढं खरं. मग वाटलं, गाळलंय की चांगलं, रोजच तर पितो आपण, एका दिवसानं काय होतंय. ह्यांना बोलावून एक घोट पाजला असता तरी चाललं असतं. पण हे तेव्हा किराणा दुकान उघडत होते आणि रस्त्यावर शिबिराची माणसं दिसायला लागली होती. मी वाळा सोडला.

दिवसभर ऊन तापलं होतं. तपासणी होऊन ऑपरेशनला निवडलेली तेवीस माणसं बसची वाट बघत लिंबाच्या सावलीत बसली. त्यांत एक केवळाबाई होत्या, बारूळकडच्या. एक डोळा गेलेला, दुसऱ्यावर दुधाची साय धरल्यासारखं.

“पाणी देतीस का गं, बाई?” त्यांनी ओगराळ्याच्या आवाजाच्या दिशेनं हात केला. “घ्या,” म्हणत मी पेला दिला. एका दमात संपवून त्या म्हणाल्या, “लई ब्येस वास हाय. आणखी एक दे.”

दुसरा दिला. मग त्यांनी पिशवीतली बाटली काढली, तीही भरून दिली.

“येवढ्या हळू बोलतीस,” त्या म्हणाल्या, “नवरा लई तापट हाय काय?”

“न्हाई हो. माझंच तसं हाय.”

“मग बरंय. माझा लई तापट होता. गेला तवापासून मीच मोठ्यानं बोलते.” बाजूच्या बाया हसल्या.

बस आली. मी त्यांना हाताला धरून खिडकीपाशी बसवलं. बस सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. “ऐक. पट्टी सोडायच्या टायमाला समोर कुणीतरी पाहिजे ना. माझा ल्योक हैदराबादला मिस्त्रीकाम करून राहिला, त्याला सुट्टी न्हाई. तू येतीस का? पहिलं तोंड तुझं बघते, पाणी पाजणारीचं.”

“येते,” मी म्हणाले. जाणाऱ्या माणसाला म्हणतो तसं म्हणाले.

“हात दे मग.”

मी हात दिला. त्यांचा हात ओला होता, बाटलीच्या पाण्यानं.

संध्याकाळी मी रांजणातला एक तांब्या भरून घरी नेला. लोकांना दिलेल्या पाण्यानंच उपास सोडावा, असं मनात होतं. पूजा केली, तीर्थ घेतलं आणि मग तांब्याचा पहिला घोट.

आधी वाळा लागला. त्याच्यामागून जिभेच्या कडेला एक कडूपणा आला. घशात गेल्यावर वास वर आला. माझं माहेर शेतातलं. वडील कपाशीवर फवारणी करून आले की त्यांच्या सदऱ्याला जो वास यायचा, तो मी साठीतही विसरलेले नाही.

“अहो,” मी म्हणाले, “हे बघा बरं.”

ह्यांनी तांब्या नाकाशी धरला. “वाळा जुना असेल. गेल्या सालचा तर न्हाई?”

“पिऊ नका. नुसतं जिभेला लावा.”

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन थुंकले.

अमृतरावचा फोन दोनदा वाजून तिसऱ्यांदा उचलला गेला. “काकू, टाकी धुतली होती मी. दोनदा धुतली.”

“कशाची धुतलीस, अमृतराव?”

“शनिवारी भावाच्या टरबुजात गेली होती. फवारणीचं पाणी कालवायला. पण काकू, धुतली ना. वास येत नव्हता.”

त्याला काय बोलणार. टाकी त्याची होती, पण घोट माझा होता.

आम्ही दोघं तसेच स्टँडवर गेलो. साडेसात वाजायला आले होते. रांजणांत तळाला थोडंच पाणी उरलं होतं, म्हणजे बाकीचं सगळं कुणाच्या ना कुणाच्या पोटात. ह्यांनी तिन्ही रांजण आडवे केले. लिंबाच्या बुंध्याशी पाणी वाहिलं आणि वाळ्याचा वास एकदम पसरला.

स्टँडवरचा ऑटोवाला रविकिरण ऑटोला टेकून उभा होता. सकाळपासून त्यानं चारदा पाणी प्यालेलं मी पाहिलं होतं.

“रविकिरण, पोटात काही होऊन राहिलं का रे?”

“आमचं पोट गुटखा पचवतंय काकू, तुमचं पाणी काय करतंय त्याला,” तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू कमी झालं. “कामून इचारलं?”

मी सांगितलं.

तो डोकं खाजवत म्हणाला, “दुपारी जरासं मळमळलं होतं. मला वाटलं ऊन लागलं.”

उन्हानंच झालं असेल, मी स्वतःला म्हणाले. पण माझ्या डोळ्यांसमोर बस होती. तेवीस माणसं, सगळी साठीच्या पुढची, उद्या सकाळी ऑपरेशन. रिकाम्या पोटी राहा म्हणून त्यांना सांगितलेलं. आणि केवळाबाईच्या पिशवीत भरलेली बाटली. रात्री तहान लागली की त्या तीच तोंडाला लावणार होत्या.

हणमंतराव शेजारच्या सभागृहात होते. मांडववाला कापड सोडत होता आणि सर मंचाच्या कडेला बसून चहा घेत होते. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजले होते. माझं ऐकताना त्यांनी कप खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

“तुम्ही सकाळी चाखलं न्हाई म्हणता. मग सकाळी तसंच होतं कशावरून? संध्याकाळी कुणी काही टाकलं असेल.”

“सर, टाकी फवारणीतून आली होती. तोच कबूल झालाय.”

“दोनदा धुतली म्हणतो ना?” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “उमाबाई, निम्म्या लोकांना मी हाताला धरून आणलंय. एकाचा जावई नको म्हणत होता, एकीला देवानं कौल दिला न्हाई म्हणून ती बसमधून उतरत होती. आता दवाखान्यात कुणी म्हणालं की पाण्यात औषध होतं, तर पहाटेच्या गाडीनं सगळे परत. पुन्हा येणार न्हाईत. त्यांचे डोळे गेले तर त्याचा जिम्मा कुणाचा?”

त्यांचं खोटं नव्हतं.

“सकाळपर्यंत थांबा,” ते म्हणाले. “कुणाला काही झालं तर मला फोन येईलच. मी बघतो.”

“दवाखान्याचा नंबर देता का?”

“मी बघतो म्हणालो ना, बाई.” शांतपणे म्हणाले. शाळेत पोरांना म्हणत असतील तसं.

मी बाहेर आले. हे रांजण धूत होते. मोठ्या माणसाचं ऐकावं, उगं पुढंपुढं करू नये, असंच मी आयुष्यभर वागत आले. सकाळपर्यंत थांबणं म्हणजे फार काही नव्हतं. एक रात्र. मी लिंगाला हात लावून उभी राहिले, मनात नाव घेत. पण नावाच्या मधेमधे ती बाटली येत होती.

पाणपोईच्या खांबाला शिबिराचं पत्रक लावलेलं होतं. चार दिवसांपूर्वी मीच खळ लावून ते चिकटवलं होतं. खाली बारीक अक्षरात दवाखान्याचा नंबर होता. ह्यांनी चष्मा वर करून तो वाचला, मी लावला.

एका सिस्टरनं उचलला. मागं भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता, जेवणं चालली असावीत.

“मी कंधारहून बोलते. पाणपोईवाली उमाबाई.”

“काय? मोठ्यानं बोला.”

“आज तुमच्याकडं आमची माणसं आली...”

“अहो बाई, ऐकू येत न्हाई. मोठ्यानं.”

मी मोठ्यानं बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाई म्हणायच्या, हिला हाक मारायला शिकवा कुणीतरी. त्या संध्याकाळी मी स्टँडसमोर उभी राहून ओरडले. “आमच्या पाण्यात फवारणीचं औषध होतं. तेवीसही माणसं ते प्यालीत. मी ते चाखलं न्हाई. मी चाखायला पाहिजे होतं, मी चाखलं न्हाई.”

रसवंतीचा घुंगरू थांबला. भोकरच्या गाडीतून उतरलेली माणसं पिशव्या हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली.

सिस्टरचा आवाज बदलला. “थांबा. औषधाचं नाव काय?”

ह्यांनी दुसऱ्या फोनवरून अमृतरावला गाठलं. तो भावाच्या शेतावरच्या खोपीत जाऊन डब्यावरचं नाव एकेक अक्षर वाचत होता. हे मला सांगत होते, मी सिस्टरला ओरडून सांगत होते.

“तिघांना उलट्या झाल्यात,” सिस्टर म्हणाली. “आम्हाला वाटलं बस लागली. मी डॉक्टरांना सांगते. तुमच्याकडं कुणाला त्रास असेल तर आत्ता तिथल्या दवाखान्यात पाठवा, वाट बघू नका.”

“सिस्टर, केवळाबाई म्हणून आहेत एक. त्यांच्या पिशवीत बाटली आहे.”

“बघते.” फोन बंद झाला.

रविकिरणनं रसवंतीवाला आणि फळांच्या गाड्यावरची म्हातारी, दोघांनीही आमचंच पाणी प्यालं होतं, त्यांना ऑटोत घातलं, स्वतःलाही दाखवून घेतो म्हणाला. जाताजाता एवढंच, “बसा काकू जरा. तुमचंच तोंड पांढरं पडलंय. एक घोट तुमच्याही पोटात हाय की.”

ते माझ्या लक्षातच नव्हतं.

सकाळी मी पूजेला बसले तेव्हा हात स्थिर राहत नव्हता. लिंग तळहातावर असताना हात हलू देऊ नये. मी ते तिसऱ्यांदा छातीशी धरलं, तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. पूजेतून उठायचं नाही हा माझा नियम, पण मी बसल्या जागेवरूनच फोन घेतला.

सगळे ठीक होते. पाचजणांना सलाइन लावलं होतं. केवळाबाईंना जास्त त्रास झाला होता. बाटली निम्मी संपलेली होती. ऑपरेशनं दोन दिवस पुढं गेली. “लवकर कळलं ते बरं झालं,” सिस्टर म्हणाली. “न्हाई तर सकाळी सगळ्यांना तसंच आत घेतलं असतं.”

मी रडले नाही. नुसती भिंतीला टेकून बसले आणि ह्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला, तो निवून गेला.

गावात कळायला वेळ लागला नाही. मी स्वतःच ओरडून सांगितलं होतं. भजनी मंडळातल्या एकीनं मंदिराच्या पायरीवर म्हटलं, “उमाबाईचा उपास आणि लोकांचे जुलाब.” बाकीच्या हसल्या. हसण्यासारखंच होतं. त्या आठवड्यात माणसं सावलीत बसायची, पण पाणी दुकानातली बाटली घेऊन प्यायची. तीन रांजण भरलेले असायचे आणि संध्याकाळी भरलेलेच मी झाडाला ओतायचे.

गुरुवारी हणमंतराव पाणपोईवर आले. उभ्यानंच म्हणाले, “चारजण परत आले, उमाबाई. ऑपरेशन न करता. मी म्हणालो होतो.”

“हो, सर.”

“त्यांतल्या एकाला आता दिसणं मुश्किल आहे.” ते थोडा वेळ रांजणांकडे बघत राहिले. मला वाटलं पाणी मागतील. मागितलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, “फोन केला ते चूक म्हणत न्हाई मी.”

ते चार मी मोजलेत. त्यांची नावंही विचारून घेतली. मिरग निघाला की चौघांच्याही घरी जाऊन यायचं, असं मी आणि ह्यांनी ठरवलंय. दारात उभं करतील का, माहीत नाही.

केवळाबाई परत आल्या नव्हत्या. अशक्तपणामुळे त्यांचा नंबर मागं गेला, रविवारी ऑपरेशन झालं. रविवारी संध्याकाळी मी सिस्टरला फोन केला.

“झालं चांगलं. उद्या अकराला पट्टी सोडतील,” ती म्हणाली. “लई बोलतात हो तुमच्या केवळाबाई. ते चौघं पळाले तेव्हा ह्यांनाही नेत होते. ह्या म्हणाल्या, पाणीवालीनं हात दिलाय, ती येणार हाय, मी जात न्हाई.”

“त्यांना माहीत आहे का? पाणी माझंच होतं म्हणून?”

“पाण्यानं झालं एवढं माहीत आहे. कुणाच्या ते मी कशाला सांगू? ते तुमचं तुम्ही सांगा.”

म्हणजे मी गेले नाही तर त्यांना कधीच कळणार नव्हतं. आणि गेले तर त्या डोळे उघडून माझं तोंड बघणार आणि त्याच तोंडानं मी ते सांगणार. रात्री जेवताना मी ह्यांना म्हणाले, “नको जाऊ का? त्यांना त्रास व्हायचा. नाजूक डोळा, रडल्या बिडल्या तर.”

“ते तू ठरव,” हे म्हणाले. मग म्हणाले, “पाणपोईवर मी बसतो उद्या. दुकान अमरेश बघेल.” अमरेश म्हणजे आमचा मुलगा.

उद्या पुन्हा सोमवार होता.

पहाटे पूजा केली. हात हलला नाही. स्टँडवर गेलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. लिंबाला बारीक पांढरा मोहोर आला होता आणि रात्रभर गळून रांजणांच्या झाकणांवर पडला होता. मी झाकणं पुसली, रांजण घासले, घरून आणलेलं नळाचं पाणी गाळून भरलं. ओगराळं हातात घेतलं. हे माझ्याकडे बघत होते. त्यांना माझा सोमवार माहीत होता.

पहिल्या रांजणातला घोट घेतला. मग दुसऱ्यातला. तिसऱ्यातला तोंडात थोडा वेळ धरून ठेवला. नुसतं पाणी होतं, मातीची चव असलेलं. गिळलं. निर्जळी मोडली तेव्हा ऊन रस्त्याच्या पलीकडच्या पत्र्यांवर येत होतं, मावळायला पूर्ण दिवस बाकी होता.

मग रांजणांत वाळा सोडला.

स्टीलच्या बाटलीत वाळा पडायच्या आधीचं पाणी भरून ठेवलं होतं, ते पिशवीत घातलं. त्यांना द्यायचं की नाही, मागतील की नाही, ते तिथं गेल्यावर कळेल. रविकिरण ऑटो पुसत होता. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाला, “कुठं, काकू?”

“नांदेडला.”

“नांदेडची लागलीय बगा.” मग तो पाणपोईपाशी गेला, पेला घेतला, ह्यांच्यासमोर धरला आणि मला ऐकू येईल असं म्हणाला, “काकूनं चाखलं का हे?”

“आत्ताच,” हे म्हणाले.

मी मागं वळून तो प्याला की नाही ते पाहिलं नाही. बसमध्ये गर्दी नव्हती. खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली, पदराखाली लिंगाला हात लावला, आणि केवळाबाईंना पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनात जुळवत बसले.